ग्रीक टॅलेंट-ड्रॅक्मातली चांदी आजच्या टंचाच्या आणि असेच्या (assay, धातूची तपासणी) हिशोबात कशी आणायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की ग्रीक इतिहास वाचताना चांदी टॅलेंट, मिना, ड्रॅक्मात दिलेली असते, खाणीबद्दल वाचायला गेलं की ट्रॉय औंस, असे टन (assay ton, खनिज तपासायचं माप), ग्रॅम पर टन येतं, तर एकातून दुसऱ्यात जायला एखादा फिक्स आकडा आहे का. एकच आकडा नाहीये, पण हिशोब अवघड अजिबात नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही.

आमचं घर विट्याकडचं, गलाईवाल्यांचं. काका कोईमतूरला चांदी गाळायचे, मी पुढे लॅबमध्ये फायर असे (भट्टीत वितळवून धातू तपासणं) शिकलो. काकांच्या वहीत तीन रकाने असायचे, वजन, टंच (शंभरात किती भाग शुद्ध), चोख (निव्वळ शुद्ध चांदी). गिऱ्हाईकाने तोरड्या आणल्या, काट्यावर 250 ग्रॅम भरल्या, टंच निघाला 70, म्हणजे चोख चांदी 175 ग्रॅम, आणि पैसे ठरणार ते या तिसऱ्या रकान्यावर. ग्रीक हिशोबालाही हेच तीन रकाने आखा. टॅलेंट, मिना, ड्रॅक्मा हे सगळं पहिल्या रकान्यातलं, निव्वळ वजन, त्यात शुद्धता कुठेच नाही.

आता वजन. 6 ओबोलचा 1 ड्रॅक्मा, 100 ड्रॅक्माचा 1 मिना, 60 मिनांचा 1 टॅलेंट. अथेन्सचा ड्रॅक्मा साधारण 4.3 ग्रॅमचा, म्हणून मिना 430 ग्रॅम आणि टॅलेंट 25.8 किलो. ट्रॉय औंस 31.1035 ग्रॅमचा, त्यामुळे एक टॅलेंट म्हणजे जवळपास 830 ट्रॉय औंस, आणि आपल्या तोळ्यात (11.664 ग्रॅमचा जुना तोळा, 10 ग्रॅमचा नाही) साधारण 2212 तोळे. घुबडाचं चित्र असलेलं ते प्रसिद्ध चार ड्रॅक्मांचं नाणं 17.2 ग्रॅमचं, म्हणजे दीड तोळ्याला थोडंसं कमी. आणि हा शब्द आपल्याला परका नाही बरं का, ड्रॅक्माचा द्रम्म झाला आणि द्रम्माचा दाम, तो आपण रोज बोलतो.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच, कारण ड्रॅक्मा गावोगावी वेगळा होता. एजिना बेटाचा 6 ग्रॅमच्या आसपास, कोरिंथचा 2.9 ग्रॅमचा, म्हणजे गाव न बघता 4.3 ने गुणलं की उत्तर सरळ तीस ते पन्नास टक्क्यांनी हुकतं. अथेन्समध्येही सावध राहावं लागतं, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडे तिथे कायद्याने बाजाराचा मिना 138 ड्रॅक्मांचा ठरवला होता आणि चांदीचा मात्र 100 चाच राहिला. तेव्हा मिना दिसला की चांदीचा की वाणसामानाचा हे आधी बघा, एक 430 ग्रॅमचा आणि दुसरा 593 चा!

दुसरा रकाना टंचाचा. अथेन्सची घुबडं फार चोख, 98 टंचाच्या वर सहज. आपण 98.5 टंच, म्हणजे हजारात 985 धरू, तर 25,800 गुणिले 0.985 म्हणजे 25,413 ग्रॅम चोख, ट्रॉय औंसात 817. नाण्यांच्या खरेपणाबाबत ते लोक आपल्या सराफांइतकेच कडक होते. इ.स.पूर्व 375 च्या सुमाराचा त्यांचा कायदा दगडावर कोरलेला सापडलाय, त्यात बाजारात बसणारा सरकारी पारखी आहे, तो स्वतः गुलाम, आणि वरून चांदी आतून तांबं-शिसं असं नाणं निघालं की त्याने ते तिथल्या तिथे आडवं कापायचं. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण बाहेरचा मुलामा बघून टंच बोलू नये म्हणून चांदीची लगड छिन्नीने कापून बघणं हे मी घरात बघितलंय.

असे टन मात्र पूर्ण वेगळी भानगड आहे, ते ना नाण्याचं वजन ना टंच, ते खनिजाच्या दगडासाठी. 2000 पौंडांच्या अमेरिकन टनात 29,166.7 ट्रॉय औंस बसतात, म्हणून लॅबमध्ये नमुना बरोबर 29.1667 ग्रॅम घेतात, म्हणजे त्यातून जितके मिलिग्रॅम चांदी निघेल तितकेच औंस एका टनात, गुणाकारच नको. नमुना शिशाबरोबर वितळवून हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत भट्टीत ठेवतात, वाटी हळूहळू शिसं पिऊन टाकते, शेवटी थेंबावर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरायला लागतात आणि एकदम लख्ख चमकून चांदीचा मणी उरतो. वाटी घाईने बाहेर काढली तर मणी थुंकतो, चांदी उडते आणि आकडा गेला. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतसुद्धा चांदी शिशाच्या खनिजातून याच तत्त्वावर निघायची.

जोडून बघायचं तर समजा दगडात मेट्रिक टनाला 400 ग्रॅम चांदी आहे. असे टनाच्या नमुन्यात 11.67 मिलिग्रॅमचा मणी येईल, म्हणजे 11.67 औंस पर टन (औंस पर टनचे ग्रॅम पर मेट्रिक टन करायला 34.2857 ने गुणा). अशा दगडातून वरचा 985 चा एक टॅलेंट काढायला साडेत्रेसष्ट मेट्रिक टन दगड लागेल, तेही कणभर वाया न जाता.

इ.स.पूर्व 483 च्या सुमारास लॉरियनला मोठं घबाड लागलं तेव्हा ती चांदी नागरिकांना माणशी 10 ड्रॅक्मा वाटायचं चाललं होतं, अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीसने ती जहाजांकडे वळवली. ते 10 ड्रॅक्मा म्हणजे 43 ग्रॅम, पावणेचार तोळ्यांना किंचित कमी. तुमच्या पुस्तकात कोणत्या गावचा आणि कोणत्या काळाचा हिशोब आहे ते सांगा, तिन्ही रकाने भरून देतो.