आयडल 300 दिलं तरी डायल-अप का तुटत नाही?

डायल-अप म्हणजे फोनच्या लाइनवरून मोडेमने लागणारं इंटरनेट. लिनक्सवर ती जोडणी पीपीपीडी हा प्रोग्राम सांभाळतो, आणि त्याचा आयडल हा पर्याय लाइन तितके सेकंद रिकामी राहिली की ती तोडतो. प्रश्न असा आहे: "पीपीपीडीला आयडल 300 दिलंय, तरी मोडेम तासन्‌तास जोडलेलाच राहतो. टाइमआउट नेमका कुठे बदलायचा?"

कुठेच नाही. तुमचा टाइमआउट बरोबर आहे, लाइन रिकामी नाहीये. आणि याच प्रश्नाला उत्तर देताना ज्यांनी एस7 रजिस्टर (मोडेममधली एक सेटिंग) बदलायला सांगितलंय त्यांनी बहुधा मोडेम फक्त फोटोत पाहिला असावा. एस7 म्हणजे डायल केल्यावर समोरच्या मोडेमच्या सिग्नलची (कॅरिअरची) किती सेकंद वाट पाहायची ते. मोडेमला डायल करायला लावणाऱ्या चॅट स्क्रिप्टमधला टाइमआउटही जोडणीपुरताच. एकदा लाइन लागली की दोघांचं काम संपलं.

हे मी इतक्या तावातावाने लिहितोय, कारण याच आयडलपायी मी घरात बदनाम झालो. साल 2000, सांगली. काकांची खतांची एजन्सी. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी जुन्या पेंटिअमवर रेड हॅट 6.2 हे लिनक्स टाकलं, एक्स्टर्नल मोडेम जोडला, डिमांड (गरज पडली की आपोआप जोडणारा पर्याय) आणि आयडल 180 लावलं. कोणी मेल उघडला की आपोआप डायल, काम संपलं की तीन मिनिटांत बंद. काकांना वाटलं पुतण्या इंजिनिअर झाला.

दोन महिन्यांनी फोनचं बिल आलं. काकांनी ते माझ्यासमोर ठेवलं, बोलले काहीच नाहीत. बोलला तो दादा. "फुकटचं लिनक्स असंच महागात पडतं!" दुसऱ्या दिवसापासून फोन लाकडी पेटीत, किल्ली दादाकडे. मोडेमची वायर मात्र भिंतीतून वेगळी गेलेली, ती कोणाच्या लक्षात नाही आली.

मी त्या रात्री ऑफिसातच झोपलो. दोनच्या सुमारास मोडेमने किर्रर्र केलं, त्यावरचा सीडीचा (लाइन लागल्याचा) दिवा लागला, एसडी (डेटा पाठवल्याचा) एकदाच लुकलुकला आणि मग तीन मिनिटं शांतता. बंद. थोड्या वेळाने पुन्हा तेच. लोकल कॉलचा पल्स तेव्हा तीन मिनिटांचा, म्हणजे प्रत्येक लुकलुकीला दोन पल्स, वर इंटरनेटच्या तासांचं पॅक संपतंय ते वेगळंच. लाइनवरून काय जातंय ते दाखवणारा टीसीपीडम्प लावला तर सगळी पॅकेट्स एकाच मशीनची: 137 पोर्टवरून डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या सर्व्हरच्या) 53 पोर्टवर. त्यावरचं विंडोज 98, वर्कग्रुपमधलं (ऑफिसातल्या नेटवर्कमधलं) एक नाव शोधत थेट डीएनएसपर्यंत जात होतं. ते मशीन दादाचं. रात्री बंदच करायचा नाही तो.

ती पॅकेट्स अडवायला आयपीचेन्सची (लिनक्सच्या फायरवॉलची) एक ओळ टाकली, रात्रभर दिवा लागला नाही. दादाने मात्र आजतागायत मान्य केलेलं नाही. गेल्या वर्षी एका साखरपुड्यातही तेच ऐकवलं.

तर तुम्ही आधी पीपीपी0 वर (म्हणजे डायल-अपच्या जोडणीवर) टीसीपीडम्प लावा आणि काय जातंय ते बघा. आयडल फक्त आयपी पॅकेट्स मोजतं; एलसीपी एको (लाइन जिवंत आहे का ते तपासणारे संदेश) त्यात धरत नाहीत, त्यामुळे ते बंद करून काही होणार नाही. घड्याळ जुळवणारा एनटीपी, मेल तपासणारा प्रोग्राम, शेजारचं विंडोज, यांपैकीच कोणीतरी असणार. सापडलं की पीपीपीडीच्या ॲक्टिव्ह-फिल्टरमध्ये (कोणती पॅकेट्स वापर म्हणून मोजायची ते ठरवणाऱ्या पर्यायात) तो पोर्ट वगळा. कर्नलमध्ये पीपीपी फिल्टर चालू असला तरच हे चालतं. पर्सिस्ट लिहिलं असेल आणि डिमांड नसेल तर पर्सिस्ट काढा, नाहीतर आयडलने तोडलं की पर्सिस्ट लगेच पुन्हा जोडत बसेल. लॉगमध्ये 'लॅक ऑफ ॲक्टिव्हिटी' दिसलं तर आयडलने तोडलं, 'मोडेम हँगअप' दिसलं तर लाइनने किंवा पलीकडच्याने.

हां, एक कबुली. 180 सेकंदांचा आकडा माझाच होता आणि तो चुकीचाच होता. पल्सएवढाच आयडल ठेवला की पुढचा पल्स हमखास लागतो. दीडशे ठेवायला हवं होतं. हे दादाला सांगू नका.