'इमोजी'त इमोशन नाही

प्रश्न : 'इमोजी'ला 'भावचिन्ह' म्हणावं का? आणि तो इमोजी, ती इमोजी की ते इमोजी?

भावचिन्ह म्हणू नये. 'इमोजी म्हणजे इमोशनचं लाडकं रूप' हे व्याख्यानांत आणि सूत्रसंचालनात इतक्यांदा कानावर पडतं की संताप येतो. शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. इमोशनशी साम्य निव्वळ योगायोगाचं. इमोशनवरून आला तो 'इमोटिकॉन'. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला, त्या जातीच्या चिन्हांचं हे नाव. त्यांना खुशाल भावचिन्हं म्हणा. पण शिगेताका कुरिता यांनी १९९९मध्ये डोकोमो या जपानी कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी जे १७६ इमोजी रेखले, त्यांत ऊन, पाऊस, राशी, आगगाडी असंच जास्त; चेहरे मोजके. कर्क राशीत कसला आलाय भाव?

खरी मौज शेवटच्या 'जी'त आहे. हा 'जी' मूळचा चिनी, अर्थ अक्षर. तोच 'बोंजी' या जपानी शब्दात येतो. बोंजी म्हणजे ब्रह्माची अक्षरं. त्यातलं 'बोन' हे आपल्या 'ब्रह्म'चंच चीनमार्गे गेलेलं रूप. ही अक्षरं ब्राह्मीच्या कुळातल्या सिद्धम् लिपीची. कूकाई हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तो या लिपीतले ग्रंथ घेऊन. जपानीत तिला 'शित्तान' म्हणतात. आजही तिथे थडग्यामागे उभ्या केलेल्या उंच लाकडी फळीवर काळ्या शाईनं ही अक्षरं लिहितात, आणि त्या फळीचं नाव 'सोतोबा', म्हणजे स्तूप! आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा जपानी मुळाक्षरांचा क्रमसुद्धा आपल्या वर्णमालेच्या अभ्यासातूनच लागला.

सिद्धम् आपल्याकडेही घरचंच. पंतोजींच्या शाळेत पोर धूळपाटीवर पहिल्यांदा 'ओनामासीधं' गिरवायचं, म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्'. 'ओनामा' हा शब्द त्याचाच तुकडा. काही अभ्यासक 'ॐ' अधिक 'नाम' अशी फोड करतात. ती मला साफ अमान्य आहे. तसं असेल तर पुढचं 'सीधं' कुठून आलं, हे त्यांनी सांगावं. मुलानं पाटीवर काढलेलं पहिलं अक्षर आणि थडग्यावरचं शेवटचं अक्षर एकाच लिपीच्या नावाशी जोडलेलं असावं, यापरतं सुंदर काय आहे!

मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर 'चित्राक्षर' घ्या. 'ए' आणि 'मोजी' दोन्ही त्यात जसेच्या तसे उतरतात.

लिंगाचं म्हणाल, तर 'तो इमोजी' म्हणावं. एक हत्ती, दोन हत्ती. तसं एक इमोजी, दोन इमोजी. स्त्रीलिंगी केलात की 'इमोज्या' करणं भाग पडेल. आणि 'इमोजीज' तर कुणीच लिहू नये.