वहिनी, तुम्ही फक्त रंग सांगा

तुमचा प्रश्न असा: "नवीन फॅमिली एसयूव्ही घेतोय, मुलांना निळीच हवी आहे. शोरूममध्ये किती टक्के सूट मागणं रास्त ठरेल? घरातल्या अनुभवी माणसाला सोबत न्यावं का?"

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण ते माझ्या पोटातून येतंय. नेऊ नका.

मी १४ वर्षं एका कारखान्याच्या परचेस विभागात आहे. पत्रा, बेअरिंग, पॅकिंगचे खोके, जे लागेल ते. समोरचा पुरवठादार "मॅडम, यात आमचं काहीच सुटत नाही" म्हणतो तेव्हा त्याचं काय सुटतंय हे मला साधारण माहीत असतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत असतं. तरी तो म्हणतो, तरी मी ऐकून घेते, मग आम्ही कामाचं बोलतो. तर गाडी घ्यायचं ठरल्यावर मी माझ्या सवयीने तीन डीलरांकडून एकाच व्हेरियंटची लेखी कोटेशन मागवली, तक्ता केला, कोण कुठे चढवतोय ते लाल केलं. आणि जायच्या दिवशी सकाळी माझे धाकटे दीर दारात उभे.

भाऊजींनी आजवर चार गाड्या घेतल्यात. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून बेल्ट गेलाय की बेअरिंग हे सांगतात, आणि ते बरोबर निघतं. ज्याला गाडी कळते त्याला गाडीचा सौदाही कळतो, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी फाइल उचलली तर हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त रंग सांगा. बाकीचं मी बघतो." नवरा गप्प. (त्याच्या गप्प बसण्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल.)

शोरूममधला मुलगा तरतरीत होता. दोघा पुरुषांशी हात मिळवून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मॅडम, कलर कोणता बघायचा?" आणि मी, भल्या भल्या पुरवठादारांना घाम फोडणारी बाई, राखाडी म्हणून मोकळी झाले. तोवर माझी मुलगी तिथे उभ्या असलेल्या राखाडी गाडीच्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसली होती आणि "हीच, हीच" करत होती. सौदा तिथेच आटोपला. पुढचे अडीच तास आम्ही नुसते कागद भरले.

यात भाऊजींचा दोष नाही, माझा आहे, आणि तो मी मान्य करते. रंग ही सर्वांत निरुपद्रवी गोष्ट वाटते म्हणून बायकांवर आणि मुलांवर सोपवतात. पण डीलरच्या यार्डात उभी असलेली प्रत्येक गाडी बहुतेक वेळा कर्जाच्या पैशावर उभी असते. रोज व्याज चढतं. सर्वांत जुनी गाडी त्याला सर्वांत आधी घालवायची असते, आणि ती बहुधा कमी खपणाऱ्या रंगाची किंवा अडनिड्या व्हेरियंटची असते. गिऱ्हाईक "तिन्हीपैकी कुठलाही रंग चालेल, भाव सांगा" म्हणालं की ते व्याज त्याच्या डोळ्यासमोर येतं. "राखाडीच" म्हणालं की व्याज विसरून तो म्हणतो, "राखाडीतली ही शेवटची आहे, सर."

तरीही एक हुकमाचं पान माझ्या हाती लागलं होतं. हे लोक बोलत असताना मी गाडीभोवती फिरले आणि टायरवरचा कोड वाचला. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या चारही टायरवर मागच्या वर्षाचा ३१ वा आठवडा होता, म्हणजे ऑगस्टच्या आसपासचा. आम्ही मार्चमध्ये उभे होतो. भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं तर म्हणाले, "टायर आधीचे असतात हो, गाडी नवीनच आहे." टायर आधीचे असू शकतात हे खरं. म्हणून मी चेसिस नंबर मागितला. तो १७ अक्षरी असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत, आणि पुष्कळ कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्ष सांगतं. २०२४ ला आर, २०२५ ला एस, २०२६ ला टी. नंबर आणायला त्या मुलाला १५ मिनिटं लागली. १७ अक्षरं वाचायला इतका वेळ लागत नाही.

गाडी गेल्या वर्षीची निघाली. विकायला काढाल तेव्हा समोरचा पहिला प्रश्न वर्षाचा विचारतो, आणि ते वर्ष आमच्या हातात यायच्या आधीच सरलं होतं. यावर रोख सूट मागायची, नाहीतर उठायचं. परचेसमध्ये मी हे डोळे मिटून केलं असतं. पण मी तोंड उघडायच्या आत भाऊजी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, ते जाऊ दे, आम्हाला काय देतोस ते सांग."

मग तो मॅनेजरशी बोलायला काचेच्या केबिनमध्ये गेला. केबिन काचेची का असते हे मला त्या दिवशी कळलं. आतला हातवाऱ्यांचा प्रयोग आपल्याला दिसावा म्हणून. बाहेर आला तो थकलेला चेहरा घेऊनच. "सर, मॅनेजर तयारच नव्हते. पण तुमच्यासाठी मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, सगळं फ्री. फक्त इन्शुरन्स आमच्याकडचाच घ्यावा लागेल, हे पॅकेज आहे." भाऊजींनी त्याला टाळी दिली. सात-आठ महिने यार्डात उन्हातान्हात पडलेली गाडी, आणि तिची भरपाई म्हणून बॉडी कव्हर! ते कव्हर अजून पिशवीतून बाहेर निघालेलं नाही, कारण आमचं पार्किंग छताखाली आहे.

घरी येऊन त्याच रात्री मी हिशोब मांडला. तो इथे देते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर असलंच तर यात आहे. गाडीची एक्स-शोरूम किंमत १०० धरा. दुसऱ्या डीलरने मला त्याच व्हेरियंटचे ९६.५ मेलवर लिहून दिले होते, आम्ही पूर्ण १०० मोजले. विमा मला बाहेर तेवढ्याच कव्हरसाठी ३.३ ला मिळत होता, पॅकेजात ४.५ ला पडला. हँडलिंग चार्जेस ०.४, म्हणजे यार्डातून गाडी दारात आणण्याचे. ३.५, १.२ आणि ०.४ मिळून ५.१ जास्तीचे गेले. फुकट मिळालेल्या वस्तू त्यांच्या यादीत २ च्या होत्या, बाहेर १ ला मिळाल्या असत्या. तेव्हा निव्वळ ४.१ आम्ही त्या टाळीचे भरले.

कर्जाचं थोडक्यात सांगते. "महिन्याला हप्ता किती जमेल, सर?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. कधीच नाही. भाऊजींनी दिलं, आणि त्या मुलाने कॅल्क्युलेटरवर ५ वर्षांची ७ करून हप्ता खाली आणून दाखवला. ९ टक्क्यांनी १०० घेतले तर ५ वर्षांत साधारण १२४.५ फेडता, ७ वर्षांत १३५. हप्ता लहान दिसतो आणि व्याज २४.५ चं ३५ होतं. शिवाय कोणी "फक्त ७ टक्के, फ्लॅट" म्हणालं तर कान टवकारा. फ्लॅट म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. ५ वर्षांचा ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ साडेबारा टक्के. इथे मात्र नवऱ्याने तोंड उघडलं. त्याला कर्जाचा तिटकारा आहे. ५ वर्षांवर एक महिना नको म्हणाला आणि तो हटला नाही. श्रेय द्यायला हवं.

आता भाऊजी. गेली दोन वर्षं घरात चार माणसं जमली की "वहिनींच्या गाडीला मी सगळं फ्री काढून दिलं" हे होतंच. मी एकदा तक्ता छापून पुढ्यात ठेवला. म्हणाले, "वहिनी, तुम्ही लोक फार आकडे बघता. तो पोरगा अजून मला वाढदिवसाला मेसेज करतो." करणारच. असं गिऱ्हाईक मिळालं असतं तर मीही केला असता.

मग मी त्यांना एक अभ्यास दाखवला. १९९५ मध्ये इयान एअर्स आणि पीटर सीगलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी निष्कर्ष छापले होते. शिकागो भागात त्यांनी शिकवून तयार केलेली माणसं जोडीजोडीने नव्या गाड्यांच्या डीलरांकडे पाठवली, ३०० हून जास्त वेळा. काय बोलायचं ते सगळ्यांना सारखंच पढवलेलं. तरी गोऱ्या पुरुषांना सांगितलेला भाव हा बायकांना आणि काळ्या ग्राहकांना सांगितलेल्या भावापेक्षा लक्षणीय कमी निघाला. मला म्हणायचं होतं की बघा, कलर विचारणारा तो मुलगा एकटा नाही, हा जुना रोग आहे. भाऊजींनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे मी आलो तेच बरं झालं की."

खरं सांगते, त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं. त्या प्रयोगातल्या पुरुषांनी पढवल्याप्रमाणे भाव केला होता, कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. आणि दुसरं म्हणजे भाव मेलवर मागितला की समोरच्याला माझा चेहराच दिसत नाही. २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात हेच दिसलं. शोरूममध्ये काळ्या आणि हिस्पॅनिक ग्राहकांना सुमारे २ टक्के जास्त पडत होते, पण इंटरनेटवरून चौकशी करून आलेल्यांना जवळजवळ गोऱ्यांइतकाच भाव मिळत होता. माझ्या फाइलमधले ९६.५ हे असेच, चेहरा न दाखवता आलेले. ती फाइल त्या दिवशी गाडीच्या बॉनेटवर पडून होती.

राहता राहिला टक्का. तो सांगता येत नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्याकडून भाजीसुद्धा घेऊ नका. गाडी सहा महिन्यांच्या वेटिंगवर असेल तर शून्य टक्के रास्त आहेत, उगाच तोंड वाजवू नका. मॉडेल बदलायला आलं असेल किंवा गाडी मागच्या वर्षीची असेल तर भरपूर मागा. महिनाअखेरीला जा म्हणतात ते अर्धंच खरं. डीलरचं टार्गेट पुरं व्हायला दोन-चार गाड्या कमी असतील तर कंपनीकडून येणाऱ्या बोनससाठी तो एखादी गाडी जवळजवळ खरेदीच्या भावात सोडेल. टार्गेट आधीच झालं असेल तर ३० तारखेला तुमच्याकडे ढुंकून बघणार नाही.

मी आज काय केलं असतं? तीन ठिकाणांहून सगळा खर्च धरून एकच ऑन-रोड आकडा लेखी मागवला असता, पण प्रत्येक ओळ वेगळी दाखवून. हँडलिंग, अॅक्सेसरीज, कोटिंग यांवर काट मारली असती. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा विषय नव्या गाडीचा आकडा लिहून झाल्याशिवाय काढलाच नसता. नाहीतर जुनीचे जास्त दिल्यासारखं दाखवून नवीवर तेवढेच उकळतात, आणि बोलता बोलता आपल्या लक्षात येत नाही. मग जो डीलर घराजवळ आहे, जिथे पुढे सर्व्हिसिंगला जायचंय, त्याच्याकडे सर्वांत कमी आकडा नेऊन म्हटलं असतं, हा लिहून द्या, आत्ता बुकिंग करते. नाही म्हणाला तर किल्ल्या उचलून बाहेर. उठता येत नसेल तर भाव करायला बसूच नये, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

सनरूफसाठी वरचं व्हेरियंट घेणाऱ्यांना मात्र माझ्याकडे काही सल्ला नाही. सूट म्हणून वाचवलेलं सगळं तुम्ही आधीच छताला भोक पाडण्यात घातलंय.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. डीलर म्हणजे चोर नव्हे. नुसत्या गाडीवर त्याचं फार सुटत नाही, म्हणून तो विमा, कर्ज आणि मॅटवर काढतो. त्या मुलाचा पगारही बऱ्याच अंशी त्यावरच असतो. दहाव्या अक्षराची पद्धत सगळ्या कंपन्या पाळत नाहीत, काही जण महिना आणि वर्ष भलत्याच जागी लिहितात. म्हणून उत्पादनाचा महिना बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्या. बाहेरचा विमा घ्याल तर कव्हर ओळीने ओळ ताडून बघा, नुसता हप्ता बघू नका. आणि भाऊजी वाईट नाहीत. मागच्या पावसात गाडी बंद पडली तेव्हा रात्री ११ वाजता तेच आले, भिजत बॉनेटखाली उभे राहिले, आणि २० मिनिटांत चालू करून दिली. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले.

एक राहिलं. मुलांना निळीच हवी आहे असं तुम्ही लिहिलंय. भाव लिहून हातात येईपर्यंत मुलांना घरीच ठेवा.