लाकडी बैल रंगवणाऱ्या मुलीच्या आईला

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं, सोबतचे फोटो पण मोठे करून करून बघितले. मुलगी बारावी कॉमर्सला, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड, यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाला, तिनं २० लाकडी बैल रंगवले आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकून सगळे विकले, आणि आता म्हणते बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करायचं आणि नागपुरातच राहून चित्रकार व्हायचं. तुमचा प्रश्न एवढाच की पोट भरेल का यावर, की मुंबई-पुण्याला पाठवायची.

आधी त्या निळ्या बैलाबद्दल बोलू द्या. झुलीवरचे पांढरे ठिपके वशिंडाकडे जाताना बारीक बारीक होत गेलेत, आणि डोळे बाजारातल्या बैलासारखे गोल वटारलेले नाहीत, जरा खाली झुकलेले आहेत, संध्याकाळी वावरातून परत येणाऱ्या बैलाचे असतात ना तसे. आणि पोटाखाली बारीक अक्षरात नाव आणि तारीख. कुणी सांगितलं नसताना पोरीनं हे केलंय, म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या घरात जाऊन राहणार आहे हे तिला कळतंय. मला ए ग्रेडपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता तुमचा हिशेब. ४५० रुपयांप्रमाणे २० बैलांचे ९,००० आले, कोरे बैल २८० ने आणले त्याचे ५,६०० गेले, रंग-ब्रश-वॉर्निशचे १,०००, हाती उरले २,४००. एका बैलाला ४ तास लागले म्हणता, म्हणजे ८० तास, तासाला ३० रुपये पडले. तुम्ही यावरून म्हणता की यात काही राम नाही, पण ताई, मला यात चुकलेला दर दिसतो, काम चुकलेलं दिसत नाही. तिनं इतवारी बाजारातल्या बैलांचे भाव बघून आपला भाव लावला, आणि ते बैल तर कुणी ४ तास बसून रंगवत नाही. पुढच्या वर्षी १२ च करू द्या, ९०० ला द्या, विकले गेले तर कोरे बैल आणि रंग वजा जाता ६,८०० च्या वर उरतात, तेही ४८ तासात. सगळे नाही जाणार कदाचित, पण जे घेतील ते तिचं काम बघून घेतील आणि पुढच्या पोळ्याला परत विचारतील. त्या २० जणांचे नंबर जपून ठेवायला सांगा, हेच तिचं खरं भांडवल आहे, इन्स्टाचे फॉलोअर्स नंतर बघू.

नागपुरातच राहून जमतं का, तर एकदा तिला घेऊन महाल भागातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, जा, गणपतीच्या आधी. मी एका मूर्तिकाराची वही बघितली होती, साधी शाळेची वही, एका रकान्यात मंडळाचं नाव, मग मूर्ती किती फुटाची, ॲडव्हान्स किती, बाकी किती. गणपती झाले की दुर्गा, शारदा. वर्षभराच्या घरखर्चातला मोठा भाग त्या तीन-चार महिन्यात उभा करायचा आणि उरलेल्या दिवसात दुसरं काही करायचं. आपल्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, पण तेच, वडसा आणि आजूबाजूला दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात, धान निघालेलं असतं, लोकांच्या हातात पैसा असतो, रात्रभर तिकीट काढून बसतात, आणि पावसाळ्यात त्यातले कितीतरी कलाकार शेतात असतात. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सीझनवर जगणं म्हणजे कमी प्रतीचं जगणं नाही, फक्त त्याचं गणित पगारासारखं नसतं, ते आधीपासून समजून घ्यावं लागतं.

म्हणून माझा सल्ला, बीएफए करू द्या, पण उपयोजित कलेचा पर्याय पहिला भरा. ४ वर्षांचा कोर्स आहे, बारावी कुठल्याही शाखेची चालते, कॉमर्सची अडचण नाही, एमएएच-एएसी सीईटी ही राज्याची कला प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलेचं सामान्यज्ञान असतं, स्मरणचित्राची प्रॅक्टिस आत्तापासून रोज. नागपुरातच शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, पहिली पसंती तीच. पॅकेजिंग, लोगो, पुस्तकाची चित्रं यातून महिन्याचा खर्च निघतो आणि त्याच्या जोरावर स्वतःची चित्रं टिकतात. पण आठवड्याचा एक दिवस स्वतःच्या कामाचाच, त्या दिवशी ऑर्डर नाही म्हणजे नाही. यात ढिलाई केलेली मुलं मी बघितलीत, पाच वर्षांनी पैसा असतो आणि दाखवायला स्वतःचं एक चित्र नसतं, फार वाईट वाटतं.

१८ पूर्ण झाले की केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलाकार शिष्यवृत्तीवर लक्ष ठेवा, १८ ते २५ वयासाठी, महिन्याला ५,००० रुपये, २ वर्षं.

आणि एक गोष्ट जी कॉलेजात कुणी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं एका कॅफेची भिंत रंगवली, पैसे मिळाले, खूश होता, आणि दोन महिन्यांनी तेच चित्र त्यांच्या मेनूवर, पिशव्यांवर, कपांवर, आणि याला एक रुपया नाही. भांडायला गेला तर काही लिहून घेतलेलंच नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर हक्क काम देणाऱ्याचा. तेव्हा व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी ठरवायचं, 'हे चित्र फक्त या भिंतीसाठी, दुसरीकडे वापरायचं तर वेगळे पैसे'. एवढी एक ओळ तिला आत्ताच पाठ करून द्या.

लोकांना काम दाखवायला जागा आहेत आपल्याकडे. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथल्या क्राफ्ट मेळ्यात तिला नुसती फिरवून आणा, स्टॉलवाले भाव कसा सांगतात, गिऱ्हाईक परत गेलं तर काय करतात ते बघू द्या. चिटणवीस सेंटरला, दर्डा आर्ट गॅलरीत प्रदर्शनं लागतात, तिथे जाऊन चित्रकाराशी बोलायची सवय लागली पाहिजे, लाजायचं नाही. मुंबई नंतर कधीही जाता येईल, हातात दाखवायला ३० कामं असली की जायला अर्थ आहे, रिकाम्या हातानं तिथलं भाडं भरत बसण्यात नाही.

शनिवारी दुपारी तिला घेऊन या. स्केचबुक आणा, तो बैलांच्या हिशेबाचा कागद आणा, आणि घरात एखादा बैल उरला असेल तर तो पण, मला त्याचे डोळे समोरून बघायचेत.