आजीच्या कपाटातले वाळे

पत्र :
ताई, मी ६७ वर्षांची, ठाण्यात नौपाड्यात राहते. मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. मुलगा ३८चा, सून ३६ची, दोघं ऐरोलीला असतात. दोनदा आयव्हीएफ केलं, यश आलं नाही. आता त्यांनी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर दत्तक मुलासाठी नोंदणी केली आहे. पुढच्या आठवड्यात समाजसेविका घर पाहायला येणार आहे, तिला आम्हा दोघांशीही बोलायचंय. सून म्हणाली, “आई, तुम्हाला वाटतं तेच सांगा.” पण मला काय वाटतं तेच कळेना. मूल रक्ताचं नाही. कुठल्या जातीचं असेल, कोण जाणे. उद्या त्याची आई परत मागायला आली तर? ओळखीच्या एक बाई म्हणतात, एका नर्सिंग होममधून महिन्याभरात बाळ मिळतं, निदान आईबाप कोण ते तरी कळतं. आमच्याकडे पाच पिढ्यांचे चांदीचे वाळे आहेत. ते कपाटातच पडून आहेत. मी वाईट आहे का? – नौपाड्यातून एक सासू

उत्तर :
बाई, (शिक्षिकेला मी दुसरं काय म्हणणार?) आधी त्या नर्सिंग होमचं बोलते, कारण त्यात घाई आहे. त्या वाटेला जाऊ नका, मुलाला-सुनेला जाऊ देऊ नका, आणि त्या ओळखीच्या बाईंनाही स्पष्ट सांगा. अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईबापांनी स्वाधीन केलेलं मूल बाल न्याय कायद्याची रीत डावलून घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल विकत घेतलं-दिलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि त्यात दवाखान्यातलं कुणी सामील असेल तर त्याला तीन ते सात वर्षं. शिक्षेचं सोडा. अशा बाळाच्या आईला कुणी काय सांगितलं, तिला विचारलं तरी का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तुमची भीती आहे ना, उद्या आई परत आली तर? ती भीती त्या आडवाटेवरच खरी आहे.

सरळ वाटेवर त्या आईचा विचार आधीच केलेला असतो. मूल स्वाधीन करणाऱ्या आईला मन बदलायला साठ दिवस मिळतात. सापडलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घेतला जातो. हे सगळं झाल्यावरच बालकल्याण समिती ते मूल दत्तक देण्यासाठी कायद्यानं मोकळं असल्याचं जाहीर करते. पुढे दत्तकाचा आदेश निघाला की ते मूल सर्वार्थानं तुमच्या मुला-सुनेचं, आणि तुम्ही त्याची आजी. वारसाहक्कासकट.

आता जात. तुम्ही ती एका ओळीत लिहिलीत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलात, पण मी तिथे थांबले. नोंदणी करताना मुलाची जात निवडायची सोय नाही, आणि नसावीच. तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलंत. पहिल्या बाकावरची चुणचुणीत पोर तुम्हाला आवडायची, तेव्हा तिचं आडनाव तुम्ही नंतर वाचलं असेल. घरात येणाऱ्या लेकराच्या बाबतीतही तसंच होऊ द्या.

इतिहास तर तुमचाच विषय. १८७५मध्ये कवळाण्याचा गोपाळ बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. १८८४मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंत कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू झाला. एकानं आपल्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, दुसऱ्यानं १९०२मध्ये संस्थानातल्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. आपण त्यांना ‘आमचे’ म्हणतो, तेव्हा रक्त कुठलं हे विचारत नाही. पण ही दत्तकं गादीसाठी होती. घराण्याला वारस हवा, म्हणून मुलगा शोधला गेला. आजच्या कायद्यात मूल आधी येतं, त्याला घर हवं असतं, म्हणून घर शोधलं जातं. समाजसेविका तुमच्या घरी येते ती त्यासाठी. तान्ह्या बाळासाठी काही वर्षं थांबावं लागतं तेही यामुळेच की घर मागणारी जोडपी जास्त आणि दत्तकासाठी मोकळी झालेली तान्ही बाळं कमी.

मुला-सुनेच्या वयाची बेरीज ७४ होते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही बेरीज ८५पर्यंत चालते, म्हणजे तिथे अडचण नाही. पण आयव्हीएफ फसलं म्हणून नाइलाजानं हे चाललंय, असं मनात धरू नका. काही जण स्वतःचं मूल असताना दुसरं दत्तक घेतात. काही एकट्या बायका आई होतात, कायदा त्यांना मुलगा किंवा मुलगी दोन्ही घेऊ देतो. तुमच्या सुनेनं तर तुम्हाला खरं बोलायला सांगितलं. दोनदा सुया-इंजेक्शनं सोसलेल्या बाईनं सासूला असं मोकळं ठेवणं सोपं नाही.

माझ्या घरातलं सांगते. माझ्या भावाची मुलगी दत्तक आहे. आली तेव्हा अडीच वर्षांची होती. पहिले काही आठवडे ती रात्री अर्धी पोळी उशीखाली लपवून झोपायची. सकाळी मुंग्या. वहिनी रडायची, भाऊ तिला समजवायला जायचा. सत्तरीतली माझी आई काहीच बोलली नाही. तिनं एक छोटा स्टीलचा डबा घेतला, त्यात चिवडा भरला आणि रोज रात्री त्या पोरीच्या उशाशी ठेवायला लागली. “हा तुझा. कुणी घेणार नाही.” सुरुवातीला डबा सकाळी रिकामा असायचा. मग अर्धा उरायला लागला. पावसाळा संपता संपता एके सकाळी तो भरलेला तसाच होता, आणि पोरगी आजीच्या पांघरुणात झोपली होती. आईला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. आणि तीही पहिल्या दिवशी तुमच्यासारखीच घाबरली होती, मी पाहिलंय.

तेव्हा समाजसेविकेला हेच सांगा, की मला भीती वाटते. ती परीक्षा घ्यायला येत नाही. मूल घरी आल्यावरही ही माणसं दोन वर्षं विचारपूस करत राहतात. जी आजी मला शंका आहेत म्हणते, तिच्याशी बोलता येतं. जी हसून सगळं छान म्हणते आणि मूल आल्यावर ‘आमच्यात असं नसतं’ म्हणत राहते, तिची मला जास्त काळजी वाटते. यजमानांनाही बोलू द्या. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीत.

दोन गोष्टी मात्र आत्ताच ठरवा. ‘पुण्याचं काम करताय’ असं मुला-सुनेला कधी म्हणू नका. पोटच्या लेकराला आपण घर दिलं म्हणून कुणी पुण्य मोजत नाही, आणि उपकाराच्या ओझ्याखाली कुठलंही मूल नीट वाढत नाही. आणि ते दत्तक आहे हे त्याच्यापासून लपवू नका. अगदी लहानपणापासून, गोष्ट सांगावी तसं सांगायचं. गोष्ट सांगणं तुमच्याइतकं कुणाला जमणार?

राहिले वाळे. पाच पिढ्या ते कुणी जपले? तुम्ही, तुमच्या सासूबाईंनी, त्यांच्या सासूबाईंनी. तुमच्यापैकी एकीच्याही अंगात त्या घराण्याचं रक्त नव्हतं. सगळ्या बाहेरून आलात, उंबरठ्यावरचं माप ओलांडलंत आणि घर तुमचं झालं.

मूल दीड-दोन वर्षांचं झाल्यावर घरी आलं तर ते वाळे पायात बसायचे नाहीत. सोनाराकडून वाढवून घेता येतात, जांभळी नाक्याला चौकशी करा. पण आधी रिठ्याच्या पाण्यात घालून उजळवा. रविवारी पनवेल लोकल पकडा, दिघा गावानंतर ऐरोली, आणि ते सुनेच्या हातात द्या. समाजसेविका यायच्या आधी.