कोल्हेकुईला हाळी

प्रश्न : आमच्या तुरीच्या रानाला लागून उसाचा फड आहे. दिवेलागणीला तिथून कोल्हे ओरडतात; आवाजावरून आठ-दहा तरी असावेत. अमेरिकेत कायोटीचा (कोल्ह्याच्या जातकुळीतला तिथला रानकुत्र्यासारखा प्राणी) आवाज काढून कायोटींना बोलावतात म्हणे. तसे आमचे कोल्हे ओ देतील का? मारायचे नाहीत, मोजायचेत.
– एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : ओ देतील. पण आठ-दहा बहुधा नसतील. नर-मादी एकदम ओरडताना दोघांचे सूर भराभर वरखाली होतात, त्यात बांधावरून, टेकाडावरून घुमून आलेला आवाज मिसळतो, आणि जोडीचा कळप वाटतो. कायोटीबाबतही हाच घोटाळा होतो. म्हणून डोकी मोजू नका. किती दिशांनी ओ आली ते मोजा.

आधी दोन-चार संध्याकाळी नुसतं ऐका. कोल्ह्याची आरोळी खालच्या सुरात सुरू होते, दर खेपेला वर चढते आणि शेवटी तुटक किंकाळ्यांत फुटते. लांडग्याचा सूर जाड, लांब, जवळपास सपाट. बालाघाटाच्या माळांवर लांडगाही आहे, तेव्हा हा फरक कानात बसलाच पाहिजे.

तोंडाने आवाज काढायचा तर ओठांभोवती तळव्यांची ओंजळ धरा. ‘ऊ’ पोटातून उचला, तीन-चारदा चढवा, मग आखूड ‘याप-याप’. सगळे फसतात ते सुरुवातीलाच वरचा सूर धरून. मग चढायला जागाच उरत नाही. कायोटीला बोलावायची अमेरिकी पत्तीची शिट्टी (तोंडात धरून फुंकायची, उघडी पत्ती थरथरून वाजते) असेल तर ओठ पत्तीच्या टोकाशी ठेवल्यावर सूर बारीक निघतो, बुडाकडे सरकवल्यावर जाड.

स्पीकर वापरणार असाल तर युरोपातल्या कोल्हेगणनेची रीत चांगली : अर्धा मिनिट कोल्ह्याचा ध्वनिमुद्रित आवाज, तीन मिनिटं शांतता, असं चार-पाचदा. पहिली खेप हळू ठेवा, कोल्हा फडाच्या कडेलाच बसलेला असू शकतो. आवाज फाटेपर्यंत वाढवलात तर गावची कुत्री तेवढी उठतील. ओ आली की थांबा, वेळ आणि दिशा टिपा. वारं सुटलं असेल त्या दिवशी घरीच बसा. रोज रोज हाळी देऊ नका. कोल्हे सरावतात, गप्प होतात. पिल्लांच्या दिवसांत तर नकोच.

कायोटीवाले बंदूक घेऊन बसतात, ते इथे चालत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर आपला कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे. स्पीकर लावण्याआधी वनविभागाला लेखी कळवा. येडशी किंवा नायगाव अभयारण्यात परवानगीशिवाय शिट्टीही नको.