दवाखान्याच्या नोंदी क्लाउडवर नेताना : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : बार्शी येथे आमचे २० खाटांचे प्रसूतिगृह आहे. रिसेप्शनवरच्या संगणकात बऱ्याच वर्षांपूर्वी बसवलेले बिलिंगचे सॉफ्टवेअर चालू आहे. आता एका कंपनीचे प्रतिनिधी दरमहा शुल्क घेऊन सर्व काम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या यंत्रांवर, नेण्याचा आग्रह करत आहेत. रुग्णांची माहिती बाहेरच्या यंत्रावर ठेवणे सुरक्षित आहे का? इंटरनेट बंद पडल्यास काय करायचे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मात्र क्लाउडची तुलना ज्या व्यवस्थेशी करायची, ती आज आपल्याच काउंटरवर आहे, म्हणून आधी तिच्याकडे पाहावे. लहान रुग्णालयांत बहुधा काउंटरखाली एक सीपीयू असतो, त्याला बॅकअपची हार्डडिस्क चोवीस तास जोडलेली असते, तिन्ही पाळ्यांतील कर्मचाऱ्यांना एकच पासवर्ड ठाऊक असतो, आणि त्याच संगणकावर कुणीही आणलेला पेनड्राइव्ह उघडला जातो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर अशा यंत्रात शिरले, तर जोडून ठेवलेला बॅकअपही त्याच्या तावडीत सापडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला आणि नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. तेथील संगणकव्यवस्था एम्स स्वतःच सांभाळत होती. सर्व्हर आपल्या आवारात आहे एवढ्यावरून माहिती सुरक्षित आहे असे मानता येत नाही.

क्लाउडची यंत्रे कुठे ठेवलेली असतात याची काळजी फारशी नको. मायक्रोसॉफ्टचे अशा यंत्रांचे केंद्र पुण्यात २०१५ पासून आणि ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून चालू आहे, आणि माहिती भारतातच राहील अशी अट करारात घालता येते. खरी काळजी घ्यायची ती मधल्या कंपनीच्या बाबतीत. ती या केंद्रांत भाड्याने जागा घेऊन आपल्याला सॉफ्टवेअर विकते. आपला व्यवहार तिच्याशी असतो आणि उद्या बंद पडली तर तीच पडते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले तरी जबाबदारी रुग्णालयाचीच राहते, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान रुग्णालयाला एवढा दंड होईलच असे नाही, कारण चूक किती गंभीर आहे हे पाहूनच तो ठरतो; पण 'ते कंपनीने पाहायचे होते' हे उत्तर कायद्यापुढे टिकणार नाही. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावे लागते, म्हणून कंपनीने आपल्याला किती वेळात सांगायचे तेही करारात लिहून घ्यावे.

माझ्या मते कोणत्याही सॉफ्टवेअरची पहिली परीक्षा, त्यातून बाहेर कसे पडता येते, ही असावी. प्रतिनिधी प्रात्यक्षिक दाखवायला येतील तेव्हा त्यांच्याकडून चाचणीचे खाते घ्यावे, त्यात काल्पनिक नावाची एक रुग्ण भरती करावी, तिला औषधे लिहावीत, दोन तपासण्या नोंदवाव्यात, सोनोग्राफीचे एक चित्र जोडावे आणि डिस्चार्ज द्यावा. मग कंपनीच्या माणसाला हात लावू न देता ही सगळी नोंद बाहेर काढून पाहावी. पुष्कळ ठिकाणी फक्त बिलाची आणि डिस्चार्ज कार्डाची पीडीएफ हाती येते. औषधे, तपासण्यांचे आकडे, वेळेसह लिहिलेली सिस्टरची टिपणे आतच राहतात. ही माहिती एक्सेलमध्ये किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात, आणि चित्रे डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित स्वरूपात मिळाली पाहिजेत. 'त्याची सोय नंतर करून देऊ' असे उत्तर आले, तर बोलणी तेथेच थांबवावीत.

मी यावर एवढा भर देतो त्याला कारण आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. शुल्कावरून वाद होऊन कंपनीने खाते बंद केले तरी ही ७२ तासांची मुदत आपल्यासाठी थांबत नाही, आणि समोर उभी असलेली बाई तिच्याच आजाराचे कागद मागत असते. म्हणून करार संपल्यावरही किमान काही महिने नोंदी वाचता व उतरवून घेता येतील, हे कलम लेखी असल्याशिवाय सही करू नये. दोन-तीन वर्षांचे शुल्क आगाऊ भरून मिळणारी सवलतही पहिल्या वर्षी नाकारावी.

इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या ठेवाव्यात. दुसरी मोबाइलची असली तरी चालते. वीज गेल्यावर संगणक इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण भिंतीवरचा राउटर साध्या जोडावर असल्याने बंद पडतो, असे अनेकदा आढळते; तो आजच तपासावा. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला भरती रुग्णांची यादी चालू औषधांसह छापून वॉर्डात ठेवावी आणि क्रमांक घातलेले कोरे केसपेपर काउंटरवर असू द्यावेत. इंटरनेट परत आल्यावर कागदावरच्या त्या नोंदी संगणकात कोण भरणार, हे नावानिशी ठरलेले असावे.

आपल्याकडे सोनोग्राफी होत असेल, तर आणखी एक गोष्ट आहे. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या, नियमांनुसार संगणकावर ठेवलेल्या नोंदीचीही छापील प्रत काढून, जबाबदार व्यक्तीने ती प्रमाणित करून जपावी लागते. क्लाउडवर गेल्याने फॉर्म एफची, म्हणजे गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या अर्जांची, फाइल संपत नाही.

खर्चाचा हिशेब करताना १८ टक्के जीएसटी धरूनच करावा. आरोग्यसेवा करमुक्त असल्याने रुग्णालयाला त्याची वजावट मिळत नाही. कामाची सुरुवात बिलिंग व ओपीडीपासून करावी आणि ते अंगवळणी पडल्यावरच वॉर्डाकडे वळावे.

प्रश्न : चिपळूणमध्ये माझी रक्त-लघवी तपासणीची प्रयोगशाळा आहे. जुलै २०२१ च्या पुरात रजिस्टरे आणि संगणक दोन्ही पाण्यात गेले. आता क्लाउडवरचे सॉफ्टवेअर घेत आहे. अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवणे योग्य आहे का? आणखी काय पाहावे?

उत्तर : आपल्या गावात क्लाउडची गरज वेगळी समजावून सांगायला नको. मात्र रक्तपेशी मोजणाऱ्या सेल काउंटरसारखी यंत्रे थेट क्लाउडशी बोलतीलच असे नाही. पुष्कळदा मध्ये एक स्थानिक संगणक लागतो. तो वरच्या मजल्यावर हलवावा, आणि आपल्या नेमक्या मॉडेलची जोडणी कंपनीने प्रत्यक्ष करून दाखवल्यावरच पैसे द्यावेत.

व्हॉट्सॲपला माझा सरसकट विरोध नाही, कारण रुग्णाला तेच सोयीचे पडते. परंतु नोंदवलेला क्रमांक अनेकदा मुलाचा, दिराचा किंवा शेजाऱ्याचा असतो. नमुना घेतानाच 'अहवाल या क्रमांकावर पाठवू का?' असे रुग्णालाच विचारून त्याचे उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावे. फाइलऐवजी ओटीपीने उघडणारी लिंक पाठवावी. एचआयव्ही चाचणीचा अहवाल मात्र समुपदेशनासह समोरासमोरच द्यावा.

सर्वांत महत्त्वाचे सहीविषयी आहे. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच प्रतिस्वाक्षरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये सहीचे चित्र एकदा चढवले की ते प्रत्येक अहवालावर आपोआप उमटते, मग डॉक्टरांनी तो पाहिलेला असो वा नसो. ही सोय बंद करून घ्यावी. डॉक्टरांनी स्वतःच्या लॉगइनने अहवाल उघडून मान्य केल्यावरच सही उमटावी, आणि कोणता अहवाल कुणी किती वाजता मान्य केला याची कुणालाही पुसता न येणारी नोंद राहावी. क्लाउडमुळे दुसऱ्या गावी असलेल्या डॉक्टरांनाही अहवाल पाहता येतो. म्हणून तर न पाहता सही उमटवण्याला आता काहीच सबब उरत नाही.

प्रश्न : नाशिकमधील आमच्या डॉक्टरांनी नवे सॉफ्टवेअर घेतल्यापासून रिसेप्शनवर आभा क्रमांक मागतात. तो दिला नाही तर उपचार नाकारतील का? आणि दिला तर माझे सगळे आजार सरकारी संगणकात जातील का?

उत्तर : आभा हा आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली मिळणारा १४ अंकी क्रमांक आहे. मिशनच्या धोरणानुसार तो ऐच्छिक आहे आणि तो नसल्यामुळे उपचार नाकारता येत नाहीत. क्रमांक दिल्याने सगळ्या नोंदी एका मध्यवर्ती संगणकात जमा होत नाहीत. त्या ज्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत तयार झाल्या तेथील व्यवस्थेतच राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांना हव्या असतील तेव्हा आपल्या मोबाइलवर परवानगी मागितली जाते. ती देताना कोणत्या काळातील, कोणत्या प्रकारच्या नोंदी आणि किती दिवसांसाठी, हे निवडता येते. दिलेली परवानगी मागेही घेता येते. अनेक डॉक्टरांकडे दाखवावे लागणाऱ्या मधुमेह किंवा हृदयविकाराच्या रुग्णांना मी आभा घेण्याचा सल्ला देतो. ओटीपी आलेला मोबाइल रिसेप्शनच्या हाती देऊन 'तुम्हीच काय ते करा' असे मात्र सांगू नये. परवानगीचा मजकूर स्वतः वाचावा किंवा घरातील विश्वासू माणसाकडून वाचून घ्यावा.